आमचं काम मोजण्याआधी वाचा : कुलगुरू आणि विद्या परिषदांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांचे मा. कुलगुरू, विद्या परिषदांचे आणि अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य, तसंच छाननी समित्यांवर बसणारे माझे सहकारी यांस,

विषय : सगळ्या विषयांच्या संशोधनाला एकच माप लावण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका फाईलवर मी माझ्या हाताने शून्य लिहिलं. तेव्हापासून मला स्वस्थता नाही, म्हणून हे पत्र.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात सत्तावीस वर्षं मराठी शिकवते. गेली चार वर्षं कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, फायली तपासणाऱ्या समितीवर आहे. पदोन्नतीसाठी अर्ज करणाऱ्या प्राध्यापकांचे लेख, पुस्तकं, प्रमाणपत्रं, सगळं आमच्या टेबलावर येतं. भौतिकशास्त्र, इतिहास, गणित, भूगोल, वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, एकामागून एक. आमच्या विद्यापीठाच्या नव्या परिपत्रकाने आम्हाला सांगितलं आहे की दोन आंतरराष्ट्रीय सूचींत नाव असलेल्या पत्रिकेतलाच लेख धरायचा आणि ठरावीक प्रकाशकांचंच पुस्तक धरायचं. विषय कुठलाही असो, नियम हाच.

ती फाईल वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याची होती. चौदा पावसाळे हा माणूस सह्याद्रीतल्या एकाच सड्यावर जातो आहे. सडा म्हणजे एरवी उजाड दिसणारं कातळाचं पठार. जूनचा पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला त्याचा रंग पालटतो. कागदपत्रं पडताळायला मी त्याच्या विभागात गेले तेव्हा त्याने कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास, आणि एकावर एक रचलेले जाड पांढरे कागद. प्रत्येक कागदावर मुळासकट दाबून वाळवलेलं एक रोप, दोऱ्याने टाचलेलं. कोपऱ्यात चिठ्ठी : तारीख, जागा, उंची, पाणी साचतं की नाही, आणि फुलाचा रंग. फूल समोर असताना रंग कशाला लिहिता, असं मी विचारलं. म्हणाला, “मॅडम, वाळल्यावर रंग जातो. त्या दिवशी लिहिला नाही तर पुन्हा कुणालाच कळणार नाही.”

असे सहाशेवर कागद. त्यातून त्याचं पुस्तक झालं, तेही मराठीत, कारण झाडांची गावातली नावं आणि उपयोग त्याला धनगरवाड्यांवरच्या बायकांनी सांगितले होते आणि त्यांच्या मुलांना ते वाचता यावं असं त्याला वाटत होतं. शिवाय वर्गीकरणशास्त्राच्या पत्रिकांत पाच लेख. परिपत्रक हातात धरून आम्ही रकाने भरले. पुस्तक स्थानिक प्रकाशकाचं : शून्य. पाचांतले चार लेख सूचीबाहेरच्या पत्रिकांतले : शून्य. समितीत वनस्पतिशास्त्र जाणणारं कुणीही नव्हतं. पुस्तक कुणी उघडलं नाही. ती मुभाच आम्हाला नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की विद्येची कामं एका जातीची नसतात, आणि हे ज्यांना सर्वांत आधी कळायला हवं ते तुम्ही आहात.

उदाहरणाला एकच तालुका घेते, जुन्नर. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी असून आकडेही कोरलेले आहेत. पुरालेखाचा अभ्यासक तिथे ओला कागद दगडावर ठोकून ठसा घेतो आणि एका झिजलेल्या अक्षरावर आयुष्याची काही वर्षं घालवतो. त्याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे अभियंते, भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ मिळून एखादी यंत्रणा वर्षानुवर्षं घडवतात आणि मग तिच्यावर जगभरचे लोक निरीक्षणं घेतात. कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर भूगर्भशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत आले, कारण तिच्याबरोबर सापडलेल्या दगडी हत्यारांचं वय त्यावर ठरतं. आणि उसात वाढणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञ त्याच शिवारात पायांचे ठसे बघत आणि शेतकऱ्यांशी बोलत हिंडतात.

एका एसटीच्या फेरीत बघून होतील एवढ्या जवळजवळ ही कामं चालतात. एक माणूस एकटा करतो, एक शेकडो जण मिळून करतात. एकाचा निष्कर्ष चार पानांत मावतो, दुसऱ्याचा पाचशे पानांत. एक वर्षभरात जुना होतो, दुसरा पन्नास वर्षांनीही आधाराला घेतला जातो. या सगळ्यांना तुम्ही कुठल्या एका रकान्यात बसवणार?

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार आकडेमोडीची आहे, आणि ती २०१८च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमावलीतल्या तक्त्यापासून सुरू होते. त्या तक्त्यात विज्ञान शाखेच्या शोधनिबंधाला ८ गुण आहेत, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या निबंधाला १०. त्यावर पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे तिच्यातल्या लेखांचे दाखले किती दिले जातात त्या आकड्याप्रमाणे, वाढीव गुण : फॅक्टर नसेल तर ५, पाच ते दहाच्या दरम्यान असेल तर २५, दहाच्या वर ३०. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकाला १०.

हा हिशेब एका खऱ्या निबंधावर करून पाहा. २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाबद्दलचा सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी प्रयोगशाळेचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. त्याचे ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांची. त्या प्रयोगांपैकी एका प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा आहे. या लोकांच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे. एवढं यंत्र उभं करायला एवढी माणसं लागतातच. पण आपल्या तक्त्याने त्यांतल्या सहलेखकाला ८ आणि २५ मिळून ३३चे ३० टक्के, म्हणजे ९.९ गुण मिळतात. आणि एकट्याने दहा वर्षं खपून लिहिलेल्या ग्रंथाला १०. कण-भौतिकीवाल्या मित्राला मी हे दाखवलं तेव्हा तोच म्हणाला, यातून ना माझं काम कळतं ना तुमचं. त्याने तीन वर्षं संवेदकांची चाचणी घेतली होती. ती त्या ९.९मध्ये कुठेच दिसत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पना यूजीन गारफील्ड यांची. ग्रंथालयांनी कुठली पत्रिका घ्यावी हे ठरवायला त्या आकड्याची मदत व्हायची. पत्रिकेतल्या आधीच्या दोन वर्षांच्या लेखांचे त्या वर्षी सरासरी किती वेळा दाखले दिले गेले, एवढंच तो सांगतो. जिथे ज्ञान भराभर पुढे सरकतं तिथे दोन वर्षं पुरेशी असतील. गणिताला पुरत नाहीत. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडला. जगभर त्यांचं नाव झालं ते १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यानंतर. मधली सव्वीस वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?

दुसरी तक्रार : काही विषयांचं मुख्य कामच तुमच्या फॉर्मात नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले. १९२५ मध्ये त्यांनी प्रमुख संपादकपद घेतलं आणि एकट्या आदिपर्वाचं काम १९३३ पर्यंत चाललं. कुठल्या श्लोकाचा कुठला पाठ कुठल्या पोथीत आहे, आणि तो कशावरून जुना, हे त्यांनी पानोपानी तळटीपांत मांडलं. आजच्या तक्त्यात याला काय आहे? ‘संपादित पुस्तक, राष्ट्रीय प्रकाशक’ : ८. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश चालू आहे. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. अठ्ठावीस वर्षं त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी दरसाल कुठला निबंध जोडायचा होता?

मी स्वतः या रकान्याबाहेर राहिलेली आहे. एका घराण्याच्या दप्तरातली दोनशे बारा मोडी पत्रं मी नऊ वर्षं वाचली आणि टिपांसह छापली. मोडीत ऱ्हस्वदीर्घ धरत नाहीत, शब्द तोडत नाहीत; आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली होता होईतो हात न उचलता लिहीत जायचं. सन सुहूर, म्हणजे मराठेशाहीतली एक कालगणना, तोही अरबी अंकनावांनी. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार : ११७६. हे मृगसाल, म्हणजे मृग नक्षत्राला सुरू होणारं वर्ष, म्हणून इसवी सन १७७५ की १७७६ हे महिना आणि चंद्र पाहून, जंत्री म्हणजे जुन्या तारखांची कोष्टकं उघडून ठरवायचं. एकेका पत्राला मला चार-चार दिवस लागले आहेत. माझ्या पदोन्नतीच्या वेळी समितीतले एक सदस्य म्हणाले, “हे तर नुसतं लिप्यंतर आहे, यात संशोधन कुठे आहे?” त्यांचा विषय वेगळा होता, त्यांचा दोष मी धरत नाही. मोडी वाचू शकणाऱ्या एका माणसाला त्यांनी विचारलं असतं तर त्यांना उत्तर मिळालं असतं.

त्याच पत्रांत ‘पर्जन्य ओढावला, पेरा गेला, सूट द्यावी’ अशा अर्जदाराच्या विनवण्या जागोजागी आहेत. आमच्या भूगोलाच्या मॅडमनी त्यांतून वर्षवार पावसाची नोंद काढायला घेतली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या खोडातल्या वर्तुळांवरून जुन्या मान्सूनचा माग काढला गेला आहे. त्या नोंदींशी आपली यादी ताडून पाहावी असं त्यांच्या मनात आहे. हे काम त्यांच्या फाईलमध्ये गेलं तर ते भूगोलात धरायचं की इतिहासात, म्हणून बाजूला पडेल. मला याची जवळजवळ खात्री आहे, कारण असे तीन प्रस्ताव बाजूला पडलेले मी पाहिले आहेत. ही माझी तिसरी तक्रार.

आणि ही गोष्ट कुठल्या मुलखात घडते आहे? दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात कोसबे गावी जन्मले. पेशाने गणिती. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं. आनुवंशिकीचे विद्यार्थी ते आजही त्यांच्याच नावाने शिकतात. नाणी हातोहात फिरताना किती झिजतात हे वजनं करकरून त्यांनी संख्याशास्त्राने मांडलं आणि त्यावरून प्राचीन नाण्यांचा क्रम लावला. १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरून गारगोटीची बारीक हत्यारं वेचली आणि देवीच्या ठाण्यांशी त्यांचा संबंध शोधला. हे सगळं एका माणसाने केलं. आज त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर परिपत्रकाप्रमाणे मला विचारावं लागलं असतं की विषय एक लिहा. हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

चौथी तक्रार भाषेची, आणि ती मी थोडक्यात सांगते कारण ती तुम्हाला ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदनाचे ठराव केले. पण वाईचं ‘नवभारत’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ ही जिथे मराठीतला गंभीर वाद झाला, त्या पत्रिकांचं परिपत्रकात नाव नाही. तुकारामाच्या एका अभंगाच्या पाठभेदावर लिहायचं तर ते मराठी वाचणाऱ्यांसाठीच लिहायचं ना? गाव-शिवाराचा अर्थशास्त्रीय अभ्यास ज्या गावाचा, त्या गावाने तो वाचू नये का?

तुमची बाजू मला कळते. बनावट पत्रिकांचा सुळसुळाट झाला, पैसे भरले की आठवड्यात लेख छापून मिळायचा, म्हणून कडक नियम आला. खरं आहे. पुण्यातच डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या त्या वेळच्या यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या, तेव्हा ११२च निकषांना उतरल्या. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पण ही दुकानं निघाली कशामुळे? लेख वाचला जाणार नाही, त्यावरचा आयएसएसएन नंबर, म्हणजे पत्रिकेचा ओळखक्रमांक, तेवढा पाहिला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून. त्याच दिवशी आमच्यासमोर आलेल्या दुसऱ्या एका फाईलमध्ये तीन वर्षांत बावीस लेख होते, सगळे सूचीतल्या पत्रिकांतले. मी तीन उघडून वाचले. प्रश्नावली तीच, निष्कर्ष तोच, शहराचं नाव बदललेलं. त्या फाईलला नियमाप्रमाणे पूर्ण गुण मिळाले आणि मी सही केली. यादी बदलून हा रोग गेलेला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य पत्रिकांची नंतरची ‘केअर’ यादीही बंद केली, मार्गदर्शक निकष सुचवले आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे हा निर्णय आता दिल्लीचा राहिलेला नाही. तो तुमच्या सभागृहात होतो. म्हणून मागण्या तुमच्यापाशी करते.

दोन सूचींची सरसकट अट मागे घ्या. कायद्याने प्रत्येक विषयाला अभ्यास मंडळ आहे. आपल्या विषयात कुठल्या पत्रिका, कुठले प्रकाशक, कुठल्या प्रकारची कामं मानाची, हे प्रत्येक मंडळाने कारणांसह ठरवावं, जाहीर करावं आणि दर तीन वर्षांनी तपासावं. मराठीतल्या पत्रिका त्यात गुणवत्तेवर घ्या. भाषेमुळे आत नको आणि भाषेमुळे बाहेरही नको.

अर्जदाराला स्वतःची तीन कामं निवडू द्या. त्या विषयातल्या बाहेरच्या दोन जाणकारांनी ती वाचावीत आणि प्रत्येकी एक पान लिहून द्यावं. यासाठी मानधन लागेल, वेळ लागेल. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या भेटीसाठी आपण वेळ आणि पैसा काढतोच.

चिकित्सक आवृत्ती, कोश, वनस्पतींची सूची, हस्तलिखितांची वर्णनात्मक यादी, लोकसाहित्याचं संकलन, प्रयोगाचं उपकरण, इतरांना वापरता येईल असा माहितीसंच आणि टीपांसह केलेला अनुवाद, यांना मूळ संशोधन म्हणून रकाना द्या. लांब पल्ल्याच्या कामाला वार्षिक निबंधाच्या अटीतून सूट द्या; दर दोन वर्षांनी प्रगतीचा अहवाल मागा. अनेक लेखकांच्या निबंधात अर्जदाराने स्वतः काय केलं ते शंभर शब्दांत लिहून घ्या आणि टक्क्यांचा हिशेब सोडा. दोन विषयांच्या सीमेवरचं काम असेल तर दोन्ही मंडळांकडून एकेक माणूस बोलवा.

आणि शेवटची, ज्यासाठी पैसा लागत नाही : कुणाच्याही कामाला शून्य द्यायचं असेल तर ते काम वाचून, कारण लिहून, खाली सही करून द्या. ते कारण अर्जदाराला कळवा.

त्या फाईलचा अंतिम निर्णय व्हायचा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर समिती पुन्हा बसेल. तोवर परिपत्रक बदललं नाही तर मी लिहिलेल्या शून्यांवर माझी असहमती लेखी नोंदवणार आहे, आणि तो सडा चांगला ओळखणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला बोलवा अशी मागणी इतिवृत्तात घालणार आहे. पुस्तकाची प्रत मी विकत घेऊन ठेवली आहे. बैठकीला येताना ती सोबत आणीन. आपल्यापैकी ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर मागावी.

आपली नम्र,
मराठीची एक प्राध्यापिका